दुपारी दार लावू नये

३ एप्रिल

पोचले एकदाची. केना शहरापासून पुढे टॅक्सीत इतक्या माणसांत कोंबून बसले होते की उतरल्यावर आपले हातपाय आपल्याच अंगाला आहेत ना, हे चाचपून पाहिलं. पण गाव पाहिलं आणि सगळा शीण गेला. एका बाजूला नाईल, दुसऱ्या बाजूला ऊस, आणि मधून कारखान्याची बुटकी आगगाडी उसाच्या मोळ्या लादून अशी रमतगमत जाते, जशी काही तिला सासरी जायचंच नाही.

खोली गच्चीवर आहे. खाली घरमालक राहतात. बखीत त्याच आगगाडीचं इंजिन चालवतो. त्याची बायको सब्रा माझ्याच वयाची, गोरीमोरी होणारी, पण बोलायला लागली की थांबत नाही. आल्याआल्या तिने उन्हात फुगवलेली भाकर, भेंडीची रस्सेदार भाजी आणि साखरेत चहा टाकावा तसा चहा समोर ठेवला. मुलगी एकच, नवारा, आठ वर्षांची. तिने माझी बॅग जिना चढून वर आणली आणि विचारलं, अलेक्झांड्रियात समुद्र घरात येतो का. मी म्हटलं, हिवाळ्यात येतो, चपला घेऊन जातो. तिला ते पटलं.

औषधाचं दुकान उद्यापासून माझ्या ताब्यात. इथे औषधवालीलाही डॉक्टरीणबाई म्हणतात. माझ्या आईने ऐकलं असतं तर मिठाई वाटली असती.

६ एप्रिल

माझ्याकडे पाहुणी आली आहे आणि ती जायचं नाव घेत नाही. काळीकुट्ट मांजर, मागचा डावा पाय मोडून वाकडा जुळलेला. सकाळी गच्चीच्या कठड्यावर बसून खाली सब्राच्या दाराकडे एकटक बघत होती. मी सार्डिनचा डबा उघडला तरी मान वळली नाही. भूक लागलेल्या मांजराने माशाकडे पाठ फिरवलेली मी जन्मात पाहिली नव्हती. मग उचलून घेतली, तर नुसती हाडं. नाव ठेवलं फिलफिल, म्हणजे मिरी. दुसरं काय ठेवणार.

दुकानात ही बातमी माझ्याआधी पोचली होती. खोकल्याचं औषध न्यायला आलेल्या बाईने आधी बिस्मिल्ला म्हटलं आणि मग उपदेश सुरू केला: काळ्या मांजरात जिन्न असतो, तोंडावर उलट बोलू नये, पोरीबाळींनी तर डोळ्यांत बघूच नये. मी तिला म्हटलं, मावशी, जिन्नाला पिसवा होतात का? माझ्याकडच्याला झाल्यात. ती न हसताच गेली.

शेजारच्या हानमखाला (खाला म्हणजे मावशी) मात्र हसल्या. या गल्लीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या, तोंडात दात नाहीत पण जीभ शाबूत. म्हणाल्या, शहरातल्या माणसाला रस्त्यात मांजर दिसलं की घरात आणावंसं वाटतं आणि सासू दिसली की घराबाहेर काढावीशी वाटते.

केनाच्या जनावरांच्या डॉक्टरला फोन केला आहे. दहा दिवसांनी दुपारी येईल, लस देऊन जाईल. मांजर पाळायचं तर नीट पाळायचं. घरात ठेवायचं, लस टोचायची, दारं-खिडक्या बंद. अलेक्झांड्रियात मी कितीतरी भटकी मांजरं अशी माणसांत आणली आहेत.

१० एप्रिल

आज सब्रा वर आली आणि दाराशीच घुटमळली. फिलफिलकडे बघायचं टाळत होती. शेवटी म्हणाली, मांजर ठेव, माझी ना नाही, पण दुपारी आम्ही झोपतो तेव्हा दार लावत जाऊ नकोस. कुठलंच. जिन्याचंही नाही.

कारण मला माहीत होतं, तरी तिच्या तोंडून ऐकायचं होतं. इकडच्या सगळ्यांना माहीत असतं: जुळ्या पोरांचा जीव झोपेत बाहेर पडतो आणि मांजर होऊन हिंडतो. जाग यायच्या आत परत येतो. म्हणून झोपेच्या वेळी मांजराला मारायचं नाही, कोंडायचं नाही. यावर उपाय एकच, जन्मल्याबरोबर उंटिणीचं दूध चाटवायचं. सब्राने ते चाटवू दिलं नव्हतं. तिने तेव्हा नुकताच नर्सचा कोर्स केला होता. सासू वाटी घेऊन बसली होती आणि सब्रा म्हणाली होती, नवजात पोराला जनावराचं दूध देतात का कोणी. हे सांगताना तिचा आवाज इतका बारीक झाला की मला थट्टा सुचेना.

म्हणजे नवारा जुळी. दुसरी कुठे, हे मी विचारलं नाही. तिने जिना उतरता उतरता स्वतःच सांगितलं, बदूर तीन वर्षांची असताना गेली.

नवारा रोज दुकानात येते. रिकाम्या खोक्यांची आगगाडी करते, सगळ्यात पुढे कफ सिरपचं इंजिन, आणि प्रत्येक डब्याचं नाव मोठ्यांदा वाचते. औषधांची नावं मला कॉलेजात दुसऱ्या वर्षी नीट म्हणता आली, ही पोर आत्ताच म्हणते. मला तिचा लळा लागलाय, हे लिहून टाकते, कारण तोंडाने कबूल केलं तर सब्रा तिला माझ्याकडेच जेवायला घालेल.

१३ एप्रिल

फिलफिलला बहीण आहे. गेले काही दिवस भर दुपारी, गल्लीत चिटपाखरू नसतं तेव्हा, दुसरी एक काळी मांजर गच्चीवर येते. हुबेहूब तीच, फक्त चारी पाय धड आणि अंगाने गुटगुटीत. भांडण नाही, फिस्कारणं नाही. दोघी समोरासमोर बसतात. धडकी (धड पायांची म्हणून हे नाव) खेळते, पंख्याखालून पळते, माझ्या टेबलावर चढते. लंगडी नुसती तिच्याकडे बघते. त्या बघण्यात काय आहे ते मला सांगता येत नाही, पण मला ते आवडत नाही.

आणि आज नवारा मला म्हणाली, तुझ्या कपाटावर मागे एक फोटो उलटा ठेवलाय, त्यातला माणूस कोण? तो फोटो जमिनीवरून कुणालाच दिसत नाही. मी विचारलं, तू वर कधी चढलीस? ती म्हणाली, स्वप्नात.

मी हसले. पण फोटो तिथून काढला.

१६ एप्रिल, संध्याकाळ

 जे घडलं ते ओळीने लिहिते.

जनावरांचा डॉक्टर आज यायचा होता. माझ्या मनात आलं, दोघींना एकदमच लस टोचून घेऊ, दुसरीलाही पाळू, एकीला दोघी. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, हा माझा जुना हट्ट. दुपारी धडकी आली. तिला मासे दाखवून खोलीत घेतलं आणि बाहेरून दार लावलं. सब्राने सांगितलेलं मला आठवलं होतं. मुद्दामच लावलं, असंही म्हणता येईल. अशा गोष्टींना कुणीतरी एकदा खोटं पाडावं लागतं.

फिलफिल जिन्यात होती. दार लावल्याबरोबर ती उठली आणि खाली गेली. तीन पायांवर, पण पळत. तिला पळताना मी कधीच पाहिलं नव्हतं.

थोड्या वेळाने आतली मांजर ओरडायला लागली. मांजरासारखी नाही. मी दार उघडायला गेले आणि त्याच वेळी खालून सब्राचा आवाज आला, नवारा उठली, उठली, काही नाही झालं. म्हणजे मुलगी ठीक होती. मला इतकं बरं वाटलं की मी दार उघडलंच नाही. डॉक्टर येईल म्हणून वाट बघत बसले. तो आलाच नाही, गाडी बिघडली म्हणे.

खाली गेले तर फिलफिल सब्राच्या उंबऱ्यावर पडलेली. मेलेली. अंगावर ओरखडा नाही. आणि आत नवारा भिंत धरून चालत होती, डावा पाय ओढत.

१७ एप्रिल

बखीत म्हणतो, झोपेत पाय आखडला. मी तपासला. पायात काही नाही. पण ती तो टेकत नाही, जणू टेकायची सवयच नाही.

दुकानात आली. खोक्यांकडे पाहिलं नाही. मी नाव वाच म्हटलं तर माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग बोबडं बोलली. आठ वर्षांची मुलगी, आणि तीन वर्षांच्या पोरीसारखी बोबडी. म्हणाली, वलचं मांजल माल.

वरचं मांजर मार.

१८ एप्रिल

हानमखालांना गाठलं आणि बदूरचं विचारलं. त्यांनी आधी दार लोटून घेतलं.

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. असंच ऊन. गल्लीच्या टोकाला कुणाच्या तरी कबुतरांवर काळं मांजर गेलं आणि कबुतरवाल्याने वीट फेकून मारली. पायावर बसली. मांजर उसात पळालं. इकडे दोघी बहिणी झोपल्या होत्या, त्यातली नवारा उठली, बदूर उठली नाही. हलवली, पाणी मारलं. श्वास नाही, अंग गार. आणि आपल्याकडे गेलेल्याला घरात ठेवतात का? सूर्य मावळायच्या आत मातीत. त्याच दिवशी पुरली.

अंधार पडल्यावर, म्हणाल्या, लंगडत एक मांजर आलं आणि सब्राच्या दाराशी बसून असं रडलं की अख्ख्या गल्लीने कानांत बोटं घातली. परत यायला उशीर झाला होता पोरीला. अंगच राहिलं नव्हतं कुठे जायला. त्या दिवसापासून या गल्लीत मांजराला कुणी हाकलत नाही, आणि त्या मांजराला कुणी खायलाही घालत नाही. तूच पहिली.

मी म्हटलं, खाला, हे सगळं मनाचे खेळ आहेत. त्या म्हणाल्या, असतील बाई, मग वर कोण ओरडतंय?

१९ एप्रिल

वरची मांजर खात नाही. पाणी पीत नाही. खाली जायला निघाली की ती मुलगी जिन्यात बसलेली असते. दिवसभर तिथेच असते. दुपारीही. झोपतच नाही.

आज मी रिकामी खोकी वर आणली आणि जमिनीवर पसरली. मला वाटलं, खात्री करून घ्यावी आणि मग स्वतःलाच हसावं. मांजर आली. पंजाने एक खोकं ढकललं. मग दुसरं त्याच्या मागे. मग तिसरं. सगळ्यात पुढे कफ सिरपचं इंजिन.

मी जमिनीवरच बसले.  मी ते दार लावलं. मी.

२० एप्रिल

सब्राला सांगितलं. मला वाटलं होतं ती किंचाळेल, माझ्या झिंज्या ओढेल. ती मसूर निवडत होती, निवडतच राहिली.

तिला माहीत होतं. पहिल्या घासालाच कळलं, म्हणाली. नवाराला कांदा आवडत नाही, हिने कांदा मागितला. पाच वर्षं माझ्या दाराशी बसून होती गं, आणि मी माझ्याच पोरीला दाराबाहेर ठेवली, भाकरीचा तुकडा टाकला नाही, भीतीने. आता मांडीवर येऊन बसते, तर उतर म्हणू?

मी म्हटलं, आणि नवारा?

तिने सूप खाली ठेवलं. दोघी माझ्याच आहेत, डॉक्टरीणबाई. अंग एकच आहे. तूच सांग, कुणाला बाहेर काढू.

मला रडू आलं, तिच्यासमोरच.

२२ एप्रिल

मांजर उठत नाही. कापसाने पाणी पाजते, ते ओघळून जातं. श्वास चालू आहे, पण किती वेळ. ती मेली तर नवारा— 

मुलगी दाराबाहेर येऊन बसलीय. फटीखालून बोटं आत घालते. काही बोलत नाही. मी बोटांवर पाय देणार होते. देवा, आठ वर्षांच्या पोरीच्या बोटांवर.

२३ एप्रिल

सब्रा वर आली. मांजराला मांडीवर घेतलं. तिचं डोकं हुंगलं.  मग म्हणाली, हिच्या केसांना अजून माझ्या तेलाचा वास येतो.

मग म्हणाली, झोपेचं औषध आहे ना तुझ्याकडे.

आहे. लहान मुलांचं, साधं सिरप. ती झोपली की अंग मोकळं होईल. मांजर शेजारी ठेवायची. बस. उद्या दुपारी, बखीत कारखान्यात असताना. मी दिवसातून कितीदा हे औषध मोजून देते. तरी बाटली हातातून दोनदा सटकली.

तिला काय वाटेल, बदूरला, असं सब्राने जाताना विचारलं. मी ऐकू न आल्यासारखं केलं.

२४ एप्रिल

मी कोंडलेली आहे. बाहेरून कडी. बखीतने घातली.

लिहितेय कारण कुणीतरी वाचलं पाहिजे. मुलगी मेलेली नाही. जो कोणी हे वाचेल त्याने आधी हे ऐकावं. मेलेली नाही.

सब्राने स्वतःच्या हाताने पाजलं, गाणं म्हणत. मुलीने सगळं प्यायलं. आईच्या गालाला हात लावून झोपली. मग श्वास हळू झाला. मग थांबला. बदूर गेली. कुठे गेली माहीत नाही, मांजर तर केव्हाच पुरलं होतं तिचं. मी टोपलीतून या वरच्या मांजराला काढून मुलीजवळ ठेवत होते, एवढ्यात बखीत आला. आज ऊस संपला म्हणून कारखाना लवकर सुटला. दारात उभा राहिला. मुलगी गार. माझ्या हातात बाटली, काळं मांजर. त्याने काय समजायचं.

त्याने मांजराला लाथ मारली. ती जिन्याकडे फेकली गेली, मी तिला उचलून वर खोलीत आणलं, आणि मागून कडी लागली.

आरोग्य केंद्राचा डॉक्टर येऊन गेला. मनगट धरलं असणार. मान हलवली असणार. मी वरून ओरडले, थांबा, नुसती झोपलीय, उद्यापर्यंत थांबा. बायकांनी मला शिव्याशाप दिले. विष घालणारी म्हणाल्या. सब्रा काहीच बोलत नाही. खिडकीतून दिसतेय, दाराबाहेर भिंतीला टेकून बसलीय. सब्रा बोल ना.

बखीत कुणाला तरी सांगत होता, पोलीस केनाहून यायच्या आत उरकायचं, माझ्या पोरीला मी चिरू देणार नाही.

उरकायचं.

—

पाणी ओतल्याचा आवाज. न्हाऊ घालतायत.

ती उठली. लाथेने उठली की आवाजाने, कोण जाणे. दार ओरबाडतेय. नख्यांतून रक्त.

नवारा, थांब, बाळा. खिडकी. गजांवर जाळी ठोकलीय, मीच ठोकून घेतली, मांजर पळू नये म्हणून. कात्री—

—

एक कोपरा सुटला. हात कापलाय, कागदावर रक्त पडतंय, पडू दे.

ऊन भिंतीवर चढलं. आता फार उरलं नाही.

खाटलं उचललं. एवढंसं. वर हिरवी चादर. पुरुष भराभर चालतायत. बायका दाराशीच थांबल्या, त्या जात नाहीत कबरस्तानात.

—

सुटली जाळी. गेली. खालच्या ओट्यावर पडली, उठली. उठली. पळतेय. पळ गं. खाटलं अजून गल्लीतच आहे, हानमखालांच्या दाराशी. पोचेल. पोचते. चादरीपर्यंत नुसती एक उडी—

सब्राने पाहिलं तिला. उठून तिला आडवी गेली.

सब्रा, नको.

वाकली. उचललं तिला. पोटाशी धरलं, दोन्ही हातांनी, ओढणीत. ओरडतेय ती, ओरबाडतेय, आणि सब्रा घट्ट धरून आहे. हलवतेय, झोपवतेय. ही तरी, म्हणते, ही तरी राहू दे.

खाटलं वळलं.

सोड. सब्रा सोड तिला. ती तिकडे— सब्रा, ती तिकडेच जायला— सो